पेंग्विनचं बारसं, टाउनसेंडच्या कवट्या

2025 साली राणीच्या बागेत पेंग्विनची तीन पिल्लं जन्मली. त्यांची नावं नॉडी, टॉम आणि पिंगू ठेवली आणि त्यावरून भायखळ्यात आंदोलन झालं. महाराष्ट्राच्या भूमीत जन्मलेल्या पेंग्विनला मराठी नाव का नाही, मराठीला आता अभिजात भाषेचा दर्जा आहे ना, असा भाजपच्या स्थानिक कार्यकर्त्यांचा सवाल होता. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच दोन तट पडले. आतेभावानं चिंगी, बंड्या, गुंड्या अशी यादी टाकली. मावशीनं विचारलं, घरातली मोठी मंडळी फ्लिपर, पॉपाय आणि मिस्टर मोल्ट, त्यांच्यात हा बंड्या कुठून आला?

या सगळ्यात पेंग्विनचं आडनाव कुणी काढलंच नाही. हे पक्षी हम्बोल्ट पेंग्विन, शास्त्रीय नाव स्फेनिस्कस हम्बोल्टी. अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट या प्रशियन प्रवासी शास्त्रज्ञावरून मायेन या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं 1834 साली ते दिलं. मुंबईचे पहिले पेंग्विन 2016 साली सोलहून आले. मूळ घर पेरू-चिलीचा किनारा, आडनाव जर्मन, आले कोरियातून आणि राहायला व्हिक्टोरिया राणीच्या बागेत. त्या बागेचं अधिकृत नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, पण बसमध्ये तिकीट अजून राणीच्या बागेचंच मागतात.

मी राहते सिअ‍ॅटलजवळ. इथल्या वुडलँड पार्क प्राणिसंग्रहालयातही हम्बोल्ट पेंग्विन आहेत आणि त्यांना कुठल्या नावानं हाक मारावी यावर कुणी मोर्चा काढलेला मला आठवत नाही. इथलं भांडण आडनावांवरून चाललंय.

1 नोव्हेंबर 2023 रोजी अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटी या पक्षीशास्त्रज्ञांच्या संस्थेनं जाहीर केलं की तिच्या अखत्यारीतल्या पक्ष्यांना माणसांवरून पडलेली सगळी इंग्रजी नावं बदलली जातील. सुरुवात अमेरिका-कॅनडातल्या 70 ते 80 प्रजातींपासून. ठिणगी आधीच पडली होती. जॉन मॅककाउन या लष्करी अधिकाऱ्यानं 1851 साली टेक्सासमध्ये मारलेल्या पक्ष्याला मॅककाउन्स लाँगस्पर हे नाव मिळालं. पुढे हाच माणूस गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेच्या फौजेत जनरल झाला. 2020 च्या उन्हाळ्यात देशभर पुतळे उतरत होते, तेव्हा हेही नाव उतरलं. पक्षी आता नुसता थिक-बिल्ड लाँगस्पर, म्हणजे जाड चोचीचा.

आमच्या पक्षीनिरीक्षणाच्या गटात यावरून जे झालं ते पाहून मला नगर-संभाजीनगरचे वाद आठवले. एक सत्तरीचे गृहस्थ, लहानपणापासून पक्षी पाहणारे, तिरीमिरीत म्हणाले की इतिहास पुसण्याचं हे कारस्थान आहे. एका तरुण मुलीनं त्यांना शांतपणे टाउनसेंडची गोष्ट सांगितली. हिवाळ्यात आमच्या अंगणातल्या चरबीच्या गोळ्यावर एक देखणा पिवळा-काळा पक्षी येतो, टाउनसेंड्स वॉर्बलर. जॉन कर्क टाउनसेंड 1830 च्या दशकात कोलंबिया नदीच्या खोऱ्यात हिंडला. त्यानं पक्षी गोळा केले, तशाच मूळनिवासींच्या कबरी उकरून कवट्याही गोळा केल्या आणि फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल मॉर्टनला पाठवल्या. मॉर्टन कवट्या मोजून वंशांची उतरंड लावत असे. गृहस्थ गप्प बसले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “मग स्टेलरनं काय पाप केलं?”

प्रश्न रास्त होता. स्टेलर हा रशियाहून अमेरिकेच्या शोधात निघालेल्या बेरिंग या दर्यावर्दीच्या मोहिमेवरचा वैद्य आणि निसर्गशास्त्रज्ञ. जुलै 1741 मध्ये अलास्काजवळच्या एका बेटावर त्याला काही तासच उतरायला मिळालं. तिथे एक निळा, तुरेवाला पक्षी त्याच्या हाती लागला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ब्लू जेचं चित्र त्यानं पुस्तकात पाहिलेलं होतं. हा त्याचाच भाऊबंद, म्हणजे आपण अमेरिकेला पोचलो, हे त्यानं त्या पक्ष्यावरून ओळखलं. तो पक्षी म्हणजे स्टेलर्स जे. सकाळी आमच्या छपरावर कर्कश ओरडतो तो हाच. टाउनसेंडच्या रांगेत स्टेलरलाही उभं करायचं?

सोसायटीचं उत्तर सरळ होतं. एकेका मेलेल्या माणसाचा खटला चालवत बसायचं नाही, मानाची नावंच नकोत. याचा व्यवहारी फायदा आपल्याकडच्या उदाहरणावरून पटतो. अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम घ्या. 1857 मध्ये इटाव्याचा कलेक्टर म्हणून बंडवाल्यांशी लढला. पुढे मिठावरचा कर बुडू नये म्हणून देशभर वाढवलेल्या काटेरी कुंपणाचा कारभार त्याच्या खात्याकडे होता. त्यानंच 1885 साली काँग्रेस स्थापण्यात पुढाकार घेतला, आणि हिंदुस्थानातल्या पक्ष्यांचा त्या काळातला सर्वांत मोठा संग्रहही त्याचाच. ह्यूमच्या नावाचे पक्षी आहेत. या माणसाचा निकाल कोण लावणार, विधानसभा?

निकाल लावण्याची हौस मात्र दोन्हीकडे सारखीच दिसते. इथे नाव काढणं म्हणजे न्याय झाला असं वाटतं, तिकडे नाव देणं म्हणजे. खर्च दोन्हीकडे पाट्यांचा. मी राहते त्या किंग काउंटीचं नाव 1852 साली विल्यम किंग या गुलामांच्या मालकावरून पडलं. हा गृहस्थ नंतर अमेरिकेचा उपाध्यक्ष झाला. 1986 मध्ये काउंटीच्या कौन्सिलनं ठराव केला की यापुढे हे नाव मार्टिन ल्यूथर किंग यांचं. अक्षरं तीच, माणूस दुसरा. मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटची वीरमाता जिजाबाई झाली आणि व्हीजेटीआय तेच राहिलं, त्यातलाच हा प्रकार. मला दोन्ही युक्त्या आवडतात, त्यांत एक हुशारी आहे.

पण त्याच काउंटीतलं सिअ‍ॅटल शहर ज्या सरदाराच्या नावानं ओळखलं जातं, त्यानं 1855 साली पॉइंट इलियटच्या करारावर सही करून जमीन दिली. त्याचे लोक डुवामिश. शहराला सरदाराचं नाव मिळालं, पण त्याच्या जमातीला केंद्र सरकारची मान्यता मिळालेली नाही. 2001 मध्ये क्लिंटन प्रशासनानं जाता जाता ती देऊ केली होती, बुश प्रशासनानं फिरवली. वॉर्बलरचं नाव बदलण्याच्या बाजूनं तावातावानं बोलणाऱ्या आमच्या गटात या विषयावर एवढा ताव मी पाहिला नाही. पक्ष्याला नवं नाव देताना कुणाची जमीन जात नाही.

शास्त्रीय नावांची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे माझं मत माझ्या अमेरिकन मित्रांना पटत नाही. इंग्रजी नाव बदललं तरी सेटोफागा टाउनसेंडी तसंच राहणार. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचे नियम एक आंतरराष्ट्रीय आयोग सांभाळतो. नियमाप्रमाणे पहिल्यांदा रीतसर दिलेलं नाव टिकतं, माणूस आवडो न आवडो. स्लोव्हेनियातल्या गुहांत एक आंधळा, तपकिरी भुंगेरा आहे, अनॉफ्थाल्मस हिटलरी. 1937 मध्ये शायबेल नावाच्या कीटकप्रेमीनं कौतुकानं ठेवलेलं नाव. आज नाझी वस्तूंचे शौकीन तो भुंगेरा विकत घेतात आणि त्यापायी बिचाऱ्याची चोरटी शिकार होते. तरीही नीतीच्या कारणावरून नावं रद्द करणार नाही, असं आयोगानं 2023 मध्ये स्पष्ट केलं. वनस्पतिशास्त्रवाले थोडे हलले. 2024 च्या माद्रिद परिषदेत त्यांनी आफ्रिकी लोकांना शिवी वाटणारं ‘काफ्रा’ हे पद दोनशेहून जास्त नावांतून बदलून ‘आफ्रा’ करायचं ठरवलं. त्याला माझा विरोध नाही. शिवी ही शिवीच. पण माणसांची नावं शास्त्रातून काढू नयेत असं मला वाटतं, आणि याला कारण आपल्या खानदेशातला रानपिंगळा.

रानपिंगळ्याचं वर्णन 1873 मध्ये ह्यूमनंच केलं आणि नमुना पाठवणाऱ्या ब्ल्यूइटवरून नाव ठेवलं, ब्लेविटी. 1884 नंतर तो कुणाला दिसला नाही. अपवाद एक. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं 1914 साली गुजरातेत मांडवीजवळ मिळवलेला म्हणून एक नमुना लंडनच्या संग्रहात होता. लोक त्या पत्त्यावर शोधत राहिले. पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेनं जुने नमुने नीट तपासले. जुन्या नमुन्यांपैकीच एक चोरून, नव्यानं भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावल्याचं तिच्या लक्षात आलं. गुजरातचा पत्ता बाद झाला. मग ती आणि तिचे सहकारी खानदेशात गेले आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ भर दिवसा रानपिंगळा समोर बसलेला दिसला. 113 वर्षांनी.

याच माइनर्ट्‌झहागेननं 1905 मध्ये केनियात नांदी लोकांचा नेता कोइतालेल याला बोलणीच्या निमित्तानं भेटीला बोलावून ठार केलं होतं. आणि आफ्रिकेतल्या सर्वांत मोठ्या रानडुकराच्या शास्त्रीय नावात आजही तोच आहे: हायलोकोइरस माइनर्ट्‌झहागेनी. असू दे. संग्रहालयातल्या जुन्या चिठ्ठ्या कुणी स्वच्छ केल्या नव्हत्या म्हणून त्याची चोरी पकडली गेली. कुणी, कुठे, कधी, कुणाला खूश करायला नाव दिलं, हे शास्त्रीय नावात नोंदलेलं राहतं. तो दाखला खोडून फायदा त्या डुकराचा नाही, माइनर्ट्‌झहागेनचाच.

जुनी नावं ठेवायची म्हणजे नवी देताना जास्त भान हवं, कारण एकदा दिलं की संपलं. इथे आपल्याकडच्या बातम्या मी बारकाईनं वाचते. गुजरातच्या एका संशोधकानं 2019 साली एका कोळ्याला सचिन तेंडुलकरचं नाव दिलं, कारण काय तर सचिन त्याचा आवडता खेळाडू. ठीक आहे, ट्रम्पच्या नावाचाही एक पतंग आहे, डोक्यावरच्या पिवळट खवल्यांमुळे. बोलिव्हियातल्या एका माकडाचं नाव तर 2005 मध्ये एका ऑनलाइन जुगारवाल्या कंपनीनं साडेसहा लाख डॉलरना विकत घेतलं. ऐकायला भयंकर, पण ते पैसे त्याच्या जंगलाच्या रक्षणासाठी गेले, म्हणून मला त्याचा म्हणावा तसा राग येत नाही.

2019 मध्येच कोयनेच्या परिसरातल्या एका मांजऱ्या सापाला बोइगा ठाकरेयी नाव मिळालं. सह्याद्रीत या वंशातली नवी प्रजाती सव्वाशे वर्षांनी सापडत होती, पण आमच्या ग्रुपवर चर्चा फक्त आडनावाची. शिवसेनेवाले खूश, बाकीचे कुत्सित. माझं म्हणणं असं की तेजस ठाकरे यांनी तो साप स्वतः रानात पाहिला, अशा कामात ते सतत असतात, तेव्हा हा मान ब्ल्यूइटच्या मानापेक्षा कमी रास्त नाही. कुत्सितांचंही एक खरं आहे, तेच काम करणाऱ्या बिनआडनावाच्या वाटाड्याला हा मान सहसा मिळत नाही. जाता जाता, हा साप ज्या बेडकाची अंडी खाताना आढळला, त्या बेडकाला मुंबईचे पक्षीशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांचं नाव आहे. यावर जे विनोद सुचतात ते मी इथे लिहीत नाही.

मला सर्वांत आवडलेलं नाव 2021 मधलं आहे. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला संशोधकांनी इसियस तुकारामी म्हटलं, 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबची बंदूक धरून ठेवणारे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्यावरून. अडीचशे वर्षं ही नावं राजे, गव्हर्नर, देणगीदार आणि साहेबांचे साहेब यांच्याकडे जात आली आहेत. साताऱ्याकडच्या केडंब्याचा एक पोलीस त्या यादीत बसला आणि आता कुठल्याही पक्षाचं सरकार आलं तरी त्याला तिथून उठवू शकत नाही. आयोगाच्या हट्टी नियमाचा एवढा चांगला उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

तरीही माणसाचं नाव आणि जागेचं नाव यांत निवडायला सांगितलं तर मी जागा निवडेन. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या कुंडात 2020 मध्ये एक छोटा मासा नव्यानं नोंदला गेला, शिस्टुरा हिरण्यकेशी. नाव नदीचं. संशोधकांमध्ये तेजस ठाकरेच होते, पण माशावर आडनाव आलं नाही. पुढच्याच वर्षी राज्य सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तेव्हा सरकार त्यांच्या वडिलांचं होतं, हेही आतेभाऊ आठवणीनं सांगतो. सांगू दे. माशाचं पाणी वाचायला त्यामुळे मदत झाली असेल तर मला चालेल.

इकडे सोसायटीनं नवी इंग्रजी नावं ठरवताना सामान्य लोकांनाही सहभागी करून घ्यायचं म्हटलंय. टाउनसेंड जावा असं मी आमच्या गटात सांगितलं आहे. त्या जागी कोलंबिया खोऱ्यातल्या लोकांचा त्या पक्ष्यासाठी काही शब्द असेल तर तो आधी विचारावा, असंही सुचवलं. स्टेलरबद्दल मात्र मी त्या सत्तरीच्या गृहस्थांच्या बाजूनं हात वर केला. निर्णय सरसकट झालेला आहे, आमच्या दोन हातांनी त्यात काही फरक पडणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.