निळं झालं म्हणजे डीएनए सापडला, असं नव्हे

विज्ञान प्रदर्शनाच्या दिवसांत साताऱ्यातल्या शिक्षक-पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतो. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी कुस्करा, मीठ आणि भांड्याचा साबण घाला, गाळा, वरून गार स्पिरिट सोडा; जो पांढरा धागा दिसेल तो शुद्ध डीएनए. मिथिलिन ब्लू हा रंग टाकल्यावर निळा झाला की खात्री. निळा जितका गडद तितका डीएनए जास्त, आणि डीएनए जास्त म्हणजे वाण सरस. प्रयोग मुलांनी जरूर करावा, मला तो फार आवडतो. पण त्याला जोडलेलं एकही विधान टिकत नाही, आणि मुलं तेच वहीत उतरवतात.

आधी ‘शुद्ध’चं बघू. स्पिरिटमध्ये डीएनए साकळतो, तसं फळातलं पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा पदार्थ, तेही साकळतं. जॅम करणारे पेक्टिन तपासायला रसात स्पिरिटच घालून गुठळी बघतात. धाग्यात डीएनए आहेच. सोबत पेक्टिन, प्रथिनं आणि डीएनएचा रासायनिक भाऊबंद आरएनएही आहे.

मिथिलिन ब्लूवर धन भार असतो, त्यामुळे ऋण भाराचं जे सापडेल त्याला तो चिकटतो. डीएनए आणि आरएनएचे फॉस्फेट गट त्यात आले, तसे पेक्टिनचे आम्लगटही आले. निळ्या रंगाने यांतलं काहीच वेगळं ओळखता येत नाही. कांद्याच्या मुळांवर आपण वापरतो तो ॲसिटोकार्मिन हा रंगही गुणसूत्रं ठळक दाखवतो, पण ती काही डीएनएची परीक्षा नव्हे.

तशी परीक्षा १९२४ साली जर्मनीत रॉबर्ट फॉयल्गेन आणि हाइनरिख रोसेनबेक यांनी दिली. पेशी ६० अंश सेल्सिअसच्या सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ठेवल्या की डीएनएमधले ॲडेनिन आणि ग्वानिन हे घटक साखरेपासून सुटतात आणि तिथल्या डीऑक्सिरायबोज साखरेचा ॲल्डिहाइड गट उघडा पडतो. मग शिफ अभिकर्मक, म्हणजे सल्फर डायऑक्साइडने रंगहीन केलेला बेसिक फुक्सिन हा रंग, त्या गटाशी जोडला जाऊन किरमिजी होतो. आरएनएमध्ये ॲडेनिन-ग्वानिनचे रायबोज साखरेशी असलेले बंध जास्त घट्ट असतात, तेवढ्या ॲसिडला ते दाद देत नाहीत. म्हणून केंद्रक रंगतं आणि आरएनएने भरलेला पेशीद्रव कोरा राहतो. रंगामागचं हे रसायन मला आजही थक्क करतं.

‘गडद म्हणजे जास्त’ हे फॉयल्गेनच्या रंगाला लागू पडतं, पण अटी घालून. ॲसिडमध्ये वेळ कमी पडला तर पुरेसे गट उघडत नाहीत; जास्त झाला तर डीएनएच तुटून वाहून जातो आणि रंग फिका पडतो. त्यामुळे तुलना करायची ती एकाच वेळी, एकाच द्रावणात रंगवलेल्या पेशींची, आणि डीएनए किती ते आधीच माहीत असलेली केंद्रकं शेजारी ठेवून. मोजणीही डोळ्याने होत नाही. प्रत्येक केंद्रकाने शोषलेला प्रकाश यंत्राने मोजतात. ह्यूसन स्विफ्ट यांनी १९५० साली याच पद्धतीने वनस्पतींच्या केंद्रकांतला डीएनए मोजला आणि तो ठरावीक पटींत वाढतो हे दाखवलं.

वाणाचा मुद्दा तर लगेच निकालात निघतो. कांद्याचा जीनोम, म्हणजे एका संचातला सगळा डीएनए, माणसाच्या जीनोमच्या सुमारे पाचपट आहे; म्हणून कांदा काही माणसापेक्षा सरस ठरत नाही. बागेतली स्ट्रॉबेरी अष्टगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे आठ संच असलेली. तिच्या गोडीचा किंवा अस्सलपणाचा डीएनएच्या वजनाशी संबंध नाही.

कॉलेजात बेसिक फुक्सिन असेल, तर कांद्याच्या मुळाची टोकं घेऊन फॉयल्गेन करून बघा. काही टोकं ॲसिडमध्ये न तापवता थेट शिफमध्ये टाका. त्यांची केंद्रकंही किरमिजी झाली, तर तो रंग डीएनएचा धरू नका.