जागा भरा ना एकदाच्या!

पुन्हा एकाने राजीनामा दिला. आता काय होणार हे संपादकीय डेस्कवरच्या सगळ्यांना ठाऊक आहे. "तात्पुरतं सांभाळून घ्या" असं सांगतील आणि ती जागा कायमची जाईल. मुंबईतल्या आमच्या दैनिकात माणूस जातो, त्याचं पान मात्र शेजारच्याच्या गळ्यात पडतं.

मुद्रितशोधक असेच संपले. आधी निवृत्तांच्या जागा भरल्या नाहीत, मग उरलेल्यांना दुसरीकडे बसवलं. आता उपसंपादकानेच बातमी निवडायची, लिहायची, पान लावायचं, शुद्धलेखन बघायचं आणि पान छपाईला सुटलं की तीच बातमी वेबसाइटसाठी पुन्हा करायची. मथळ्यात चूक दिसली की वाचक चिडतात, आणि त्यांचं बरोबरच आहे! पण ते पान दुसऱ्या कुणाच्या नजरेखालून गेलेलंच नसतं.

सगळ्यात जास्त चीड येते ती महापालिकेच्या बीटबद्दल, म्हणजे पालिकेच्या बातम्यांच्या जबाबदारीबद्दल. वर्षानुवर्षं निविदा आणि अर्थसंकल्प वाचणारा माणूस जातो, त्या जागी नवखी मुलगी येते, तीही करारावर. तिला कुठल्या फाइलीत काय दडलंय हे उमगेपर्यंत करार संपतो. करार पुढे वाढणार नाही या धास्तीने ती हक्काची सुट्टीसुद्धा मागत नाही. पत्रकार आणि वृत्तपत्र कर्मचाऱ्यांच्या पगाराबाबतच्या मजिठिया वेतन आयोगाच्या शिफारशी २०११मध्ये अधिसूचित झाल्या. कायम आणि कंत्राटी असा भेद त्यात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये स्पष्ट केलं. तरी पगाराचा विषय काढला की बदलीची भीती!

निदान रात्रपाळीला तरी एक माणूस वाढवा. पहिलं पान एकट्याच्या भरवशावर सोडू नका.