बोलंल की!

मूल बोलत नाही म्हटलं की आमच्या सांगलीत उत्तर ठरलेलं असतं : "बोलंल की! एवढी काय गडबड?" हे मी वर्षभर ऐकलं. सासूबाईंकडून (आम्ही त्यांना आत्ती म्हणतो), भिशीतल्या बायकांकडून, दुकानात हळदीचे भाव विचारायला आलेल्या पाहुण्यांकडूनसुद्धा. "ह्याचा बाप तीन वर्षांचा हुईस्तोवर मुका हुता, आता बघ दुकानात कुणाला बोलू देत न्हाई." यावर सून काय बोलणार? एका डॉक्टरांनीही "मुलगे उशिराच बोलतात, तीन वर्षांपर्यंत थांबा" म्हणून परत पाठवलं. खरं सांगू? त्या दिवशी मला हायसं वाटलं होतं. थांबा म्हणणारा माणूस आपल्याला आवडतो.

दोन वर्षांचा झाला तेव्हा आमच्या पोराकडं पाच शब्द होते. त्यातला एक 'ऊं', ज्यात अर्धं जग मावायचं. तहान लागली की माझं बोट धरून माठापाशी न्यायचा. मी लगेच पाणी द्यायचे. शब्दाची गरजच पडू द्यायचे नाही, हे नंतर कळलं.

कानाची शंका कुणालाच आली नाही. कुकरची शिट्टी झाली की दचकायचा, गणपतीत ढोल लागला की गॅलरीत पळायचा. आण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मागं उभं राहून ताट वाजवून बघितलं. तो वळला, विषय संपला. पण ताट वाजवणं ही कानाची तपासणी नव्हे. भाषा शिकायला नुसता आवाज आला हे कळून भागत नाही. 'पाटी' आणि 'काठी' यातला फरक ऐकू यावा लागतो. ताटाचा दणका ऐकणारं मूल 'स', 'फ' असे बारीक आवाज चुकवत असू शकतं.

शेवटी सव्वादोन वर्षांचा असताना मिरजेला नेलं. बेरा नावाची तपासणी असते. मूल झोपलेलं असताना डोक्याला तारा चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत काय पोचतंय ते यंत्रावर बघतात. मुलानं उत्तर द्यावं लागत नाही. तिथं गाढ झोपावा म्हणून आदल्या रात्री आम्ही त्याला जागवत बसलो आणि पहाटे तिघंही रडकुंडीला आलो. ही आणि कानाच्या बाकीच्या तपासण्या मिळून निघालं काय, तर दोन्ही कानांत पडद्यामागं पाणी साठलेलं. बहुतेक मुलांचं ते काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. तीन महिने होऊनही हटलं नाही आणि ऐकण्यावर परिणाम दिसला, तर पडद्यात बारीक नळी बसवायचा विचार करतात. आमचं हटलं नाही. नळ्या बसवल्या, मग स्पीच थेरपी.

आता कुणी म्हणेल, तुमचं कानाचं निघालं, आमचं पोर नुसतं आळशी आहे. असेलही. काही मुलं खरंच उशिरा सुरू होतात आणि सगळ्यांना गाठतात, आत्तींचा अनुभव खोटा नाही. पण कुणाला कानाच्या नसेचा त्रास असतो, कुणाला ऑटिझम (माणसांत मिसळणं, संवाद साधणं वेगळं असतं), कुणाची एकूणच वाढ सावकाश असते. पहिल्या दोन वर्षांत ही सगळी मुलं घरातून सारखीच दिसू शकतात. आपलं मूल त्यातलं कुठलं, हे वाट बघून कसं कळणार? माझं भांडण एवढंच आहे.

उपायांना मात्र तोटा नाही. शंखातलं पाणी पाजा, जिभेला वेखंड लावा, पोपटानं उष्टावलेला पेरू द्या. जिभेखालची तार कापून आणा असंही एकीनं सांगितलं. तार आखूड असली तर एखाद्या उच्चाराला अडचण होऊ शकते, पण तिच्यामुळं मूल शब्दच शिकत नाही असं होत नाही.

आणि मोबाईल! तो आईनंच दिला, हे गृहीत. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात आणि बरोबर सांगतात. आम्हीही बंद केला. पण "मोबाईलमुळंच आहे" म्हटलं की तपासणी टळते आणि खापर फोडायला माणूस मिळतो, ही सोयही मी बघितली आहे.

प्लेस्कूलच्या बाईंनी घरी एकच भाषा बोला, शक्यतो इंग्रजी, असा सल्ला दिला. कशाला? आपल्या जत भागात घरात कन्नड आणि गल्लीत मराठी बोलत पोरं वाढतातच की! दोन भाषांमुळं बोलणं अडत नाही. थेरपिस्टनं आम्हाला आमच्याच मराठीत बडबडायला सांगितलं. भाजी निवडताना, आंघोळ घालताना. "दूध पाहिजे का पाणी?" असं विचारायचं आणि मग गप्प बसून थांबायचं. ते थांबणं सगळ्यात अवघड. आण्णा तर मध्येच उत्तर देऊन टाकायचे.

मग जायचं कधी? वर्षाचं मूल हाकेला वळत नाही, बोटानं वस्तू दाखवत नाही, टाटा करत नाही, तर तेव्हाच विचारा. दीड वर्षाला एकही अर्थाचा शब्द नाही, दोन वर्षांना "बाबा ये", "अजून दे" असे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही, तर थांबू नका. मोबाईलवरचं गाणं पाठ म्हणतं पण पाणी मागत नाही, ते बोलण्यात धरू नका. आणि येत असलेले शब्द गेले, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात दाखवा. ऑटिझमचं नाव लागेल म्हणून घाबरणाऱ्यांना सांगते, थेरपी सुरू करायला आधी नाव लागावंच लागतं असं नाही.

पैशाची अडचण असेल तर अंगणवाडीत विचारा. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासायला येतं, त्यात वाढीतला उशीरही बघतात. त्या दिवशी पोराला "आज सर्दी आहे" म्हणून घरी ठेवू नका.

पोरगा आता चार वर्षांचा आहे. 'र' अजून 'ल' होतो, त्यामुळं आमची मिरज 'मिलज' आहे. परवा शेजारची सून दीड वर्षाच्या मुलीला घेऊन आली, काहीच बोलत नाही म्हणाली. मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून आत्तींचा आवाज आला, "आधी तिचं कान दाखवून आण जा."