‘पी/ई वीसच्या आत म्हणजे स्वस्त’: हे चित्र पुढे पाठवण्याआधी

गेल्या महिनाभरात एकच चित्र मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर आलं. हिरव्या पाटीवर चार नियम. पी/ई २० च्या आत असेल तर शेअर स्वस्त, वर असेल तर महाग. भाव पुस्तकी मूल्याच्या (मालमत्ता वजा देणी, एका शेअरमागे) खाली असेल तर डोळे झाकून घ्या. लाभांशाचा परतावा एफडीच्या व्याजाहून जास्त असेल तर एफडी मोडा. आणि निफ्टीचा, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाचा, पी/ई २५ च्या वर गेला की सगळं विकून मोकळे व्हा.

चौथ्या वेळी ते पाठवलं माझ्या सोलापूरच्या मामांनी, आणि पाठोपाठ फोन आला: “अरे, पहिल्या नियमात बसणारा एक शेअर घेतलाय मी. पी/ई फक्त सहा!” निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशातून घेतला होता. म्हणून हे लिहितोय. चारही नियम चुकीचे आहेत, आणि प्रत्येकाची चूक वेगळी आहे.

पहिला नियम. पी/ई म्हणजे शेअरचा भाव भागिले एका शेअरमागची वर्षाची कमाई. भाव रोज डोळ्यांसमोर असतो, त्यात वाद नाही. गडबड खालच्या आकड्यात असते. मामांच्या कंपनीचा वार्षिक अहवाल आम्ही दोघांनी फोनवर एकत्र उघडला. कंपनीचं एकूण बाजारमूल्य २९० कोटी, वर्षाचा नफा ४८ कोटी, म्हणून पी/ई सहा. नफा-तोटा पत्रकात खाली ‘अपवादात्मक बाबी’ अशी एक ओळ होती आणि तिच्यापुढे ३७ कोटी. टीप उघडली तर कारखान्याची जुनी जमीन विकली होती. ती जमीन पुढच्या वर्षी पुन्हा विकता येणार नाही. धंद्यातून आलेले ११ कोटीच धरले तर पी/ई निघतो २६. “म्हणजे मी महाग घेतला?” मामांनी विचारलं. “महाग की नाही ते अजून ठरायचंय मामा, पण तुम्ही समजत होता तो भाव हा नव्हे,” एवढंच मला सांगता आलं.

हे फक्त छोट्या कंपन्यांत होतं असं नाही. आयटीसीने हॉटेलांचा व्यवसाय वेगळा केला तेव्हा २०२४-२५ च्या एकत्रित (उपकंपन्यांसह) नफ्यात सुमारे १५,००० कोटींचा हिशेबी लाभ आला. रोख रक्कम आली नाही, सिगारेटी जास्त खपल्या नाहीत. पण वर्षाचा नफा ३५,००० कोटींच्या आसपास दिसला आणि नुसत्या त्या आकड्याने भागलं तर पंचविशीच्या पुढचा पी/ई पंधरावर आल्यासारखा वाटतो.

नफा खरा असला तरी पी/ई फसवू शकतो. याचं सर्वांत बोलकं उदाहरण टाटा स्टील. २०२१-२२ मध्ये कंपनीला एकत्रित नफा झाला ४१,००० कोटींहून जास्त, तिच्या इतिहासातला सर्वाधिक. मे २०२२ मध्ये निकाल आले तेव्हा पी/ई चारच्या आसपास होता. चित्रातल्या नियमाने याहून स्वस्त काय असणार? त्याच महिन्यात सरकारने पोलादावर निर्यात शुल्क लावलं आणि जूनपर्यंत भाव, नंतरचं शेअर-विभाजन (एका शेअरचे अनेक शेअर करणं) धरून, सव्वाशेच्या वरून पंच्याऐंशीच्या आसपास आला. २०२३-२४ मध्ये ब्रिटनमधल्या पोर्ट टॅल्बटच्या झोतभट्ट्या बंद करण्याच्या बोजासह तोटा झाला जवळपास ४,९०० कोटींचा. तोट्यात पी/ई काढताच येत नाही. आणि त्या मार्चअखेर भाव होता दीडशेच्या वर. म्हणजे पी/ई सर्वांत ‘स्वस्त’ होता तेव्हा घेणाऱ्याची आधी पडझड झाली, आणि पी/ई नावाचा आकडाच नव्हता तेव्हा शेअर वर होता. पोलाद, साखर, सिमेंट, रसायनं, जहाज वाहतूक अशा चढउताराच्या धंद्यांत नफा शिखरावर असताना पी/ई तळाला दिसतो, कारण बाजाराला तो नफा टिकणार नाही हे कळलेलं असतं. इथे एका वर्षाचा नफा घेऊच नका. सात-दहा वर्षांची सरासरी घ्या, त्यात एक तरी मंदी येऊ द्या.

आणि ‘वीसच्या वर म्हणजे महाग’ याचं काय? समजा, दोन पोळी-भाजी केंद्रं आहेत. दोघांचा वर्षाचा नफा दहा लाख, दोघांचा धंदा वर्षाला दहा टक्क्यांनी वाढतो. पहिल्याने एक कोटी गुंतवलंय. दहा टक्के वाढायचं तर त्याला आणखी दहा लाख घालावे लागतात: नवा गाळा, नव्या शेगड्या, नवं डीप फ्रीजर. सगळा नफा परत धंद्यात, मालकाच्या हाती शून्य. दुसरं केंद्र वीस लाखांतच चालतं. त्याला तेवढीच वाढ साधायला दोन लाख पुरतात आणि आठ लाख मालक घरी नेतो. नफा तोच, वाढ तीच. दोन्ही केंद्रं विकायला निघाली तर तुम्ही दोघांना सारखाच भाव द्याल का? पहिलं पी/ई १२ ला महाग असू शकतं आणि दुसरं ३० ला वाजवी. गुंतवलेल्या भांडवलावर किती टक्के सुटतात हे न पाहता पी/ईला उंबरठा लावणं म्हणजे कापड न बघता मीटरचा भाव ठरवणं.

पी/ई निरुपयोगी आहे, असं मी म्हणत नाही. एकाच कंपनीचा दहा वर्षांचा पी/ई शेजारी ठेवून पाहा, धंदा तोच राहिला असेल तर त्यातून खूप कळतं. एकाच धंद्यातल्या, सारख्याच कर्जाच्या दोन कंपन्या ताडून पाहायलाही तो चांगला. कर्ज सारखं नसेल तर मात्र बाजारमूल्यात कर्ज मिळवून आणि हातातली रोकड वजा करून मगच तुलना करा. कर्जासकट घेतलेल्या घराची किंमत आपण तशीच मोजतो.

दुसरा नियम मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो ऐकायला सर्वांत सुरक्षित वाटतो. ‘शंभरची वस्तू पन्नासला मिळतेय.’ बँकेचं पुस्तकी मूल्य म्हणजे मालमत्ता वजा देणी, आणि तिची मालमत्ता म्हणजे मुख्यतः दिलेली कर्जं. ती परत येतील असं धरूनच ताळेबंद मांडलेला असतो. येस बँकेने मार्च २०१६ ला ढोबळ बुडीत कर्जं ७४९ कोटी दाखवली होती. रिझर्व्ह बँकेने तपासून काढलेला आकडा होता ४,९२६ कोटी. पुढच्या वर्षी दाखवलेली २,०१८ कोटी, तपासात निघाली ८,३७३ कोटी. हे आकडे २०१७ मध्येच जाहीर झाले होते, वाचणाऱ्याला उपलब्ध होते. मार्च २०१९ च्या ताळेबंदानुसार शेअरमागे पुस्तकी मूल्य ११५ रुपयांच्या आसपास, आणि त्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला भाव तीस-बत्तीस रुपये. डोळे झाकून घ्यायचा नियम पाळणाऱ्याला ही लॉटरीच वाटली असणार. ५ मार्च २०२० ला बँकेवर निर्बंध आले, ठेवीदारांना पैसे काढायला ५०,००० रुपयांची मर्यादा पडली. नंतर आलेल्या डिसेंबर तिमाहीच्या निकालात तोटा होता १८,५६४ कोटी. ज्या पुस्तकी मूल्याशी भाव ताडला होता ते पुस्तकातूनच पुसलं गेलं. स्टेट बँकेच्या पुढाकाराने नवं भांडवल आलं ते दहा रुपये भावाने, आणि शंभराहून जास्त शेअर असलेल्या जुन्या भागधारकांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षं गोठवले गेले.

उलट बाजूही बघा. हिंदुस्तान युनिलिव्हरचं स्वतःचं (उपकंपन्या सोडून) नक्त मूल्य, म्हणजे एकूण पुस्तकी मूल्य, मार्च २०२० ला ८,००० कोटींच्या आसपास होतं, वर्षभरात ते ४७,००० कोटींच्या वर गेलं. हॉर्लिक्सवाली कंपनी एप्रिल २०२० मध्ये तिच्यात विलीन झाली, मोबदला नव्या शेअर्समध्ये दिला, ते शेअर बाजारभावाने वह्यांत चढले आणि समोर हॉर्लिक्ससारख्या नावांची आणि नावलौकिकाची किंमत मांडली गेली. भाव भागिले पुस्तकी मूल्य साठच्या घरातून बाराच्या आसपास आलं. शेअर पाचपट स्वस्त झाला होता का? साबण तोच, चहा तोच. बदलला तो छेद.

तिसऱ्या नियमावर थोडक्यात. लाभांशाचा परतावा (लाभांश भागिले भाव) मागच्या वर्षाचा असतो, एफडीचं व्याज पुढच्या वर्षाचं, आणि लिहून दिलेलं. वेदांताने २०२२-२३ मध्ये शेअरमागे १०१ रुपये ५० पैसे लाभांश दिला. वर्षअखेरच्या भावावर तो ३५ टक्क्यांहून जास्त. त्याच वर्षात शेअर चारशेच्या आसपासवरून पावणेतीनशेवर आला आणि कंपनीचं निव्वळ कर्ज सुमारे २१,००० कोटींवरून ४५,००० कोटींवर गेलं. पुढे शेअर वरही गेला, ते मान्य. पण एफडीत मुद्दलाचा असा झोका नसतो. लाभांशावर २०२० पासून तुमच्या स्लॅबनुसार कर लागतो, तोही हिशेबात धरा.

राहिला निफ्टीचा पंचवीसचा नियम. जून २०२० च्या अखेरीस निफ्टीचा पी/ई पंचविशी ओलांडून गेला, तेव्हा निफ्टी होता १०,३०० च्या आसपास. टाळेबंदीने कंपन्यांचे नफे कोसळले होते, म्हणून भागाकार फुगला. नियम पाळून तेव्हा बाहेर पडलेल्याने पुढच्या नऊ महिन्यांतली साडेचौदा हजारांपर्यंतची वाट बाहेरून पाहिली. आणि ३१ मार्च २०२१ ला एनएसईने (निफ्टी ज्याचा आहे त्या शेअर बाजाराने) मोजण्याची रीतच बदलली. तोवर पी/ई कंपन्यांच्या एकल नफ्यावर काढत, त्या दिवसापासून उपकंपन्यांसह एकत्रित नफ्यावर. एका रात्रीत आकडा चाळिशीवरून तेहतीसच्या आसपास आला, बाजार होता तिथेच. आज कोणी १९९९ पासूनचा निफ्टी पी/ईचा आलेख दाखवून ‘पंचवीस धोक्याची रेषा’ म्हणत असेल, तर त्यात दोन वेगळ्या फूटपट्ट्या एकाच रेघेत जोडलेल्या असतात.

मामांनी तो शेअर अजून विकलेला नाही. जमीन विकून आलेल्या पैशाचं कंपनीने काय केलं, कर्ज फेडलं की नवं यंत्र घेतलं, हे रोखप्रवाह पत्रकात शोधायचं आम्ही ठरवलंय. ते चित्र मात्र त्यांनी ग्रुपवरून काढून टाकलं, आणि ज्या तिघांनी ते पुढे पाठवलं होतं त्यांना स्वतः फोन केले.