डोकरा-डोकरी गावावर ओझं? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पोरं सुरतेला नाहीतर पुण्याला गेली, गावात डोकरा-डोकरी उरले, कमावणारे घटले आणि खाणारे वाढले, मग म्हाताऱ्यांची संख्या वाढण्यात चांगलं ते काय? म्हातारपणी दवाखान्याचा खर्च वाढतो असं लिहिलंत, ते खरं आहे. बाकीचा हिशोब मात्र मला पटत नाही.

महाराष्ट्रात साठीपुढची माणसं २०११ मध्ये साधारण ९.९ टक्के होती. २०३१ पर्यंत ती १५ टक्क्यांवर जातील, असा सरकारी अंदाज आहे. पण 'खाणारे किती' हे काढताना साठी ओलांडलेला प्रत्येक जण बिनकामाचा आणि १५ ते ५९ मधला प्रत्येक जण कमावता धरतात. रावेर-यावलकडे पासष्टीतली माणसं केळीच्या बागा सांभाळतात, ती यात खाणाऱ्यांत जातात. शिवाय राज्याचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी लेकरं, २०१९-२१ च्या पाहणीतच १.७ वर आला होता. लेकरांचा खर्च त्या बाजूने कमी होतो, तोही धरा.

आता खरा मुद्दा. साक्रीकडच्या पांझरा नदीवरची फड पद्धत घ्या, म्हणजे पाणी वाटून घ्यायची गावाची जुनी रीत. बंधाऱ्याचं पाणी पाटाने येतं, भिजणारं रान फडांत वाटलेलं असतं. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, दरवर्षी पिकं फडांतून फिरवायची, पाणी द्यायचं ते पाटकऱ्यानेच, म्हणजे पाणी सोडायला नेमलेल्या माणसाने. भुसाराच्या फडात एकाने मध्येच ऊस लावला तर त्याला बारमाही पाणी लागतं, ते शेजारच्या रानात पाझरतं आणि जमीन चिबड, म्हणजे पाणथळ होते. तुटीच्या वर्षी कोणता फड कोरडा ठेवायचा, शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचायला किती वेळ लागतो, हे बहुतेक तोंडीच चालत आलंय. ते ज्यांना माहीत आहे ती माणसं आज सत्तरीत आहेत आणि धडधाकट आहेत. ही गावाची कमाईच आहे, फक्त ती उतरवून घ्यायला हवी.

त्यासाठी मे महिन्यात पाट कोरडा असताना सकाळी लवकर पाटाच्या कडेने चालत निघा, ऊन चढायच्या आत परत या. दोन जाणते सोबत घ्या: एक वरच्या अंगाचा, एक शेपटाकडचा. एकाच बाजूचा घेतला तर त्याच बाजूची पाळी बरोबर वाटते. ओट्यावर बसून विचाराल तर मोघम उत्तरं मिळतील; पाटाच्या फाट्यावर उभं केलं की कोणाची पाळी, किती वेळ, दार कुठे होतं, सगळं आठवतं. प्रत्येक फाट्याशी गट नंबर आणि पाळीचा वेळ लिहा. दोघांचं जुळत नसेल तिथे दोन्ही लिहा, निकाल ग्रामसभेत लावा. आणि त्या दिवसाची मजुरी द्या, फुकट राबवू नका.

पेन्शनचं म्हणाल तर सरकारच्या श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये गावातच फिरतात: किराणा, गिरणी, मेडिकल. ते अडकतात बहुधा दोन ठिकाणी. एक, खातं आधारला जोडलेलं नसतं. दुसरं, आयुष्यभर नांगर-कुदळ धरून बोटांच्या रेषा झिजतात आणि मशीन ठसा घेत नाही. आधार केंद्रावर ठसे नव्याने द्या, तरी जमलं नाही तर डोळ्यांवरून ओळख पटवायला सांगा. पंचाहत्तरी झाली असेल तर तालुक्याला जायला एसटी मोफत आहे. सोबत कोणीतरी जा, रांगेत उभं राहायला.

तुमच्या गावात फड असेल तर कळवा. वहीचे रकाने कसे आखायचे ते पाठवतो.