चारही दांड्या फुल, तरी व्हिडिओ अडकतो: मालकांचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही लिहिलंत की आमच्याकडून घेतलेला वायफाय डोंगल बोगस आहे, कॉम्प्युटरवर चारही दांड्या फुल असून व्हिडिओ अडकतो आणि दुकानात आणला तर 'चालतोय की' म्हणून परत पाठवलं. शेवटची चूक आमचीच. आमचा राऊटर काउंटरवरच आहे; दोन हातांवर कुठलाही डोंगल पळतो. ती काही तपासणी नव्हे.

दांड्यांवर जाऊ नका. राऊटरचा आवाज किती मोठा येतोय एवढंच त्या सांगतात, आजूबाजूचा गोंगाट सांगत नाहीत. स्टार्टमध्ये सीएमडी शोधून काळी खिडकी उघडा आणि इंग्रजीत 'नेटएसएच डब्ल्यूएलएएन शो इंटरफेसेस' टाका. (नव्या विंडोज ११ मध्ये आधी लोकेशन चालू करा, नाहीतर माहिती येत नाही.) सिग्नल ८० टक्के आणि रिसीव्ह रेट (येणारा वेग) मात्र १०-२० एमबीपीएसवर घुटमळत असेल, तर अडचण अंतराची नाही, गोंगाटाची आहे.

मग 'आयपीकॉन्फिग' टाकून डिफॉल्ट गेटवेचा, म्हणजे तुमच्या राऊटरचा, पत्ता बघा, बहुतेक १९२.१६८.१.१ असतो. पिंग, तो पत्ता, डॅश टी, असं टाकून दोन मिनिटं चालू द्या, थांबवायला कंट्रोल-सी. राऊटरचं उत्तर यायचा वेळ ५ मिलिसेकंदांच्या आत हवा. मध्येच २००-३०० किंवा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' दिसलं तर घोळ घरातच आहे, नेटवाल्याशी भांडून उपयोग नाही.

तुमच्या फोटोत डोंगल कॅबिनेटच्या मागे, निळ्या (यूएसबी ३) पोर्टमध्ये, एक्सटर्नल हार्डडिस्कला चिकटून आहे. पत्र्याचा आडोसा तर आहेच, शिवाय यूएसबी ३ ची हार्डडिस्क आणि तिची वायर २.४ गिगाहर्ट्झवरच खरखर करते, आणि हा डोंगल त्याच पट्ट्यावर चालतो. हार्डडिस्क काढून पिंग पुन्हा बघा. आकडे लगेच खाली आले तर चोर सापडला. डोंगल काळ्या (यूएसबी २) पोर्टमधून एक मीटरच्या एक्स्टेन्शन वायरने टेबलावर आणा. वायर दुकानातून घेऊन जा, पैसे नकोत.

एक गोष्ट विकतानाच सांगायला हवी होती. खोक्यावरचे १५० एमबीपीएस हे कागदावरचे. आजूबाजूला दहा राऊटर असले की हा डोंगल ७२ वर जोडला जातो आणि हातात त्याच्या निम्मेच पडतात. तुमचा प्लॅन १०० चा, म्हणजे पूर्ण वेग यावर येणारच नाही. पूर्ण हवा असेल तर ड्युअल बँडवाला (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हीवर चालणारा) बदलून देतो, फक्त फरक भरा. मात्र मध्ये दोन जाड भिंती असतील तर आधी सांगा. तिथे ५ गिगाहर्ट्झ ढेपाळतो, सरळ लॅन केबल ओढलेली बरी.