आजोबांना खिमट वाढण्याआधी

सत्तरी ओलांडली की घरोघरी ताटाचा निकाल एका वाक्यात लागतो: "दात नाहीत ना, मग मऊच द्या." आम्हाला हे पटत नाही. दात हा अर्धाच हिशेब. घास पुन्हा पुन्हा दातांखाली सारणं, लाळेत कालवून त्याचा गोळा बांधणं, टाळूला दाबत घशाकडे लोटणं, ही सगळी कामं जिभेची. आणि जीभ म्हणजे स्नायूच. दंड-मांड्यांसारखी तीही वयाबरोबर झडते.

दात आवळा आणि जबड्याच्या कोनावर, कानाच्या पाळीखाली बोटं ठेवा. टणक फुगवटा लागेल, तो चावण्याचा मुख्य स्नायू. दात गेलेल्यांचा तो जास्तच बारीक होतो. पूर्ण कवळीने चावण्याचा जोर दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतो. कवळी सैल असली तर जीभ बिचारी ती सावरण्यातच अडकते.

जिभेची ही कमजोरी कळतच नाही. रोजच्या गिळण्यापुरता जोर बहुधा टिकतो, आटते ती शिल्लक, म्हणजे अडीअडचणीला लागणारी जादा ताकद. म्हणून तापातून उठलेल्या माणसाला एकाएकी ठसके लागतात. जपानमध्ये जिभेने टाळूवर दिलेला दाब 30 किलोपास्कलखाली (किलोपास्कल हे दाबाचं माप) गेला की ती कमजोर धरतात.

आता ताट. कोरडे पोहे आणि चिवडा तोंडभर पांगतात, शिऱ्याचा गोळा बांधला जातो. सर्वांत फसवं म्हणजे चहात बुडवलेली खारी: खारी तोंडातच असते, चहा पुढे निसटतो. भाकरी द्याच, पण दुधात कुस्करून, दूध पुरतं मुरेपर्यंत थांबून. जे चावता येतं ते काढून घेऊ नका. काम गेलं की स्नायू आणखी झडतो.

व्यायाम साधा. जीभ वरच्या दातांमागे टाळूला लावून 3 सेकंद जोरात दाबायची, सोडायची. 10 वेळा, दिवसातून तीनदा. सात-आठ आठवडे धरून चाला. सोडलं की कमावलेलं उतरतं.

जेवणानंतर "आ" म्हणायला लावा. आवाज ओला, गुळगुळल्यासारखा आला, गालात शितं उरली, वजन उतरू लागलं किंवा छातीत वारंवार कफ-ताप होत असेल, तर गिळण्याचं काम जाणणारा स्पीच थेरपिस्ट गाठा. पक्षाघात किंवा पार्किन्सन्स असेल तर व्यायामही त्यांनाच विचारून.

आणि तांब्या उंच धरून वरून पाणी पिणं आजपासून बंद. मान मागे गेली की पाणी जिभेच्या ताब्यात राहत नाही. पेला भरलेला द्या; तळाशी घोटभर उरलं की मान मागे टाकावी लागते, तेवढं पाणी सोडून द्यायचं.